पंचविसाव्या दिवशी कापायची पट्टी

१७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एक पत्र छापून आलं. खाली सही फक्त ‘बी. एल.’ एवढीच. हकीकत पुण्याची होती. कावसजी नावाचा एक बैलवाला इंग्रजी फौजेबरोबर टिपूवरच्या मोहिमेत गेला होता. नाव पारशी वळणाचं, पण पत्र त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हणतं. १७९२ च्या त्या युद्धात तो टिपूच्या माणसांच्या हाती लागला. त्यांनी त्याचं नाक कापलं आणि एक हातही तोडला. तशाच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला आणि पुढे कंपनीचं निवृत्तिवेतन खाऊ लागला. वर्षभराहून अधिक काळ त्याने बिननाकाचा काढला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. हा माणूस वैद्य नव्हता, हकीमही नव्हता. पत्रलेखकाने त्याची जात विटा पाडणाऱ्यांची सांगितली आहे, म्हणजे आपल्याकडचा कुंभार. त्याचं नाव मात्र पत्रात नाही. बैलवाल्याचं नाव राहिलं, चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सचं राहिलं, ही शस्त्रक्रिया पाहणाऱ्या क्रूसो आणि त्याच्या सहकारी डॉक्टरचं राहिलं. ज्याच्या हातात सुरी होती त्याचं तेवढं राहिलं नाही, याची खंत प्रत्येक वेळी ती हकीकत वाचताना वाटते.

कृती पत्रात बारकाईने दिली आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या खुंटावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ ओढायची. रेघेच्या आतली कातडी सोलून काढायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी तशीच राखायची. खुंटावरचा जुना व्रण खरवडून ताजा करायचा, त्यामागे चीर घ्यायची. कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिच्या कडा त्या चिरेत बसवायच्या. टाके नाहीत. पाण्यात मऊ केलेला काथ कापडाच्या पट्ट्यांना फासून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवस त्याला हात लावायचा नाही. मग काथ काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवायचं. पाच-सहा दिवस रोग्याने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली ती पट्टी कापून टाकायची.

पट्टी का राखायची, याचं उत्तर पत्रलेखकानेच दिलं आहे: नवा आणि जुना भाग एकजीव होईपर्यंत रक्ताचं वाहणं चालू राहावं म्हणून.

या एका वाक्यापाशी मी नेहमी थांबतो. कपाळावरून सोललेली कातडी जिवंत राहते ती त्या पट्टीतून येणाऱ्या रक्तावर. हे तर झालंच, पण पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापल्यावरही नाक जिवंत राहतं, ते कशावर? मधल्या तीन-साडेतीन आठवड्यांत खुंटाच्या बाजूने केसाहून बारीक रक्तवाहिन्या नव्या कातडीत शिरलेल्या असतात. त्या कुणी घातलेल्या नसतात. शरीर त्या स्वतः वाढवतं. दहाव्या दिवशी पट्टी कापली तर नाक काळं पडून गळण्याची भीती, पंचविसाव्या दिवशी कापली तर टिकतं. पुण्याच्या त्या कारागिराला सूक्ष्मदर्शक माहीत नव्हता, रक्तवाहिनी कशी वाढते हे माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. पण ती वाढायला किती दिवस लागतात हे त्याच्या हाताला पक्कं ठाऊक होतं. पिढ्यान् पिढ्या नाकं बसवून, आणि बहुधा काही गमावूनही, ते ज्ञान जमलं असणार.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू नावाच्या शल्यचिकित्सकाने ही हकीकत वाचून वीस वर्षं तिचा पाठपुरावा केला. १८१४ मध्ये त्याने एका लष्करी अधिकाऱ्यावर हीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये पुस्तक लिहिलं. तिथून युरोपात ‘हिंदी पद्धत’ हे नाव रूढ झालं. ही गोष्ट आपल्याकडे बहुतेकांना निदान कानावरून माहीत असते. तिचा पुढचा अध्याय मुंबईत घडला, तोही फक्त अर्ध्या शतकापूर्वी, आणि तो मात्र आपण जवळजवळ विसरलो आहोत. त्या अध्यायाचा विषय कातडी नसून चरबी आहे.

चरबीकडे आपण नको असलेली वस्तू म्हणून पाहतो. शल्यचिकित्सक तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. भाजल्यामुळे, अपघाताने, गाठ काढल्यामुळे किंवा आजाराने चेहऱ्यावर खळगा पडतो. कर्करोगासाठी स्तन काढावा लागतो. तिथे भरायला मऊ, उबदार, आपल्याच शरीराचं काही हवं असतं. चरबी याला सर्वांत योग्य. १८९३ मध्ये जर्मनीतल्या गुस्टाव्ह नॉयबरने दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरच्या व्रणाखालच्या खळग्यात भरली. त्याच्या लक्षात आलं की बारके तुकडे टिकतात, मोठे टिकत नाहीत. दोनच वर्षांनी विन्सेंट्स चेर्नी याने एका गायिकेच्या शरीरातली चरबीची गाठ काढून तिच्या स्तनातली पोकळी भरून काढली. पण सगळीकडे अनुभव तोच येत राहिला. आज भरलेला खळगा वर्षभराने पुन्हा खोल दिसू लागे. १९५० मध्ये अमेरिकेत लिंडन पीअरने रोपण केलेल्या चरबीची वजनं करून दाखवली, तेव्हा जवळपास निम्मी चरबी नाहीशी झालेली आढळली.

कारण रक्ताचंच. चरबीची जवळजवळ प्रत्येक पेशी एखाद्या केशवाहिनीला चिकटून असते. तुकडा कापला की तो संबंध तुटतो. नव्या जागी ठेवल्यावर पहिले काही दिवस त्या पेशी आजूबाजूच्या ओलाव्यातून जेवढा प्राणवायू झिरपेल तेवढ्यावर जगतात, आणि तो झिरपतो जेमतेम मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापर्यंत. मोठ्या वाफ्याच्या फक्त बांधाकडेने पाणी फिरवलं तर कडेची रोपं तगतात आणि मधली वाळतात, तसंच चरबीच्या गोळ्याचं होतं. जपानमधल्या कोतारो योशिमुरा यांच्या गटाने २०१२ मध्ये हे थर मोजून दाखवले: बाहेरचा पातळ थर जगतो, त्याच्या आतल्या थरातल्या पेशी मरतात, पण तिथे नव्या पेशी उभ्या राहू शकतात, आणि अगदी मधला भाग मरतो तो मरतोच. त्याच्या सुमारे एकशेवीस वर्षं आधी नॉयबरने नुसत्या डोळ्यांनी जे पाहिलं होतं, त्याची ही मोजणी.

मग मोठा तुकडा न्यायचा कसा? पहिल्या महायुद्धात हॅरोल्ड गिलीज यांनी तोडगा काढला तो पुण्याच्या कुंभाराच्या जातकुळीतला. पोटाच्या कातडी-चरबीची पट्टी उचलायची, तिच्या कडा शिवून नळी करायची, दोन्ही टोकं जोडलेलीच ठेवायची. काही आठवड्यांनी एक टोक सोडवून मनगटाला शिवायचं. मनगटातून त्यात रक्तवाहिन्या वाढल्या की पोटाकडचं टोक सोडवायचं. मग मनगट गालाशी बांधून ठेवायचं आणि गालाकडून रक्तवाहिन्या वाढायची वाट पाहायची. पोटापासून गालापर्यंतच्या या प्रवासाला महिने लागत आणि रुग्णाला आठवडेच्या आठवडे हात चेहऱ्याला जखडून पडून राहावं लागे. हजारो जखमी सैनिकांनी हे सोसलं. प्रत्येक मुक्कामावर नियम तोच: नवं रक्त आल्याशिवाय जुनी पट्टी कापायची नाही.

गिलीज यांच्या हाताखाली तयार झालेले एक डॉक्टर पन्नासच्या दशकात भारतात परतले. डॉ. नोशीर अंतिया. जन्म १९२२ चा, वैद्यकीचं शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. परतल्यावर त्यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम सुरू केलं. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागांत रमतात. नाकाच्या आतला पडदा आणि कूर्चा ते खाऊन टाकतात आणि नाक बसतं. चाळीसच्या दशकानंतर डॅप्सोन आलं, रोग बरा होऊ लागला, पण बसलेलं नाक तसंच राहिलं. औषधाने बरा झालेला माणूस गावात परत गेला की लोक त्याच्या तोंडाकडे पाहून दार लावून घेत. वर्ध्याजवळचं दत्तपूर, अमरावतीचं तपोवन, वरोऱ्याचं आनंदवन या संस्था आपल्या विदर्भात का उभ्या राहाव्या लागल्या, ते या बंद दारांवरून कळतं. अंतियांनी या लोकांना नाकं दिली, पडलेल्या भुवया आणि वाकडी बोटं दुरुस्त केली. कावसजीला नाक मिळालं त्याच पुण्याच्या परिसरात, दीड शतकाहून अधिक काळाने, समाजाने टाकलेल्या माणसांना पुन्हा नाकं मिळत होती.

तो काळही लक्षात घेण्याजोगा आहे. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. तोपर्यंत आपल्या बुलढाणा जिल्ह्यासाठी राज्याची राजधानी नागपूर होती. आता मुंबई झाली. याच सुमारास, १९५८ मध्ये, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग सुरू केला. देशातला अशा प्रकारचा पहिला स्वतंत्र विभाग म्हणून तो ओळखला जातो. दुभंगलेल्या ओठांचं आणि टाळूचं त्यांनी केलेलं वर्गीकरण आजही ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणून वापरात आहे. दुसरीकडे मुंबईत भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात अंतियांनी आपला विभाग बांधायला घेतला. मलकापूर, नांदुरा, शेगाव या आपल्या स्थानकांवरून पूर्वेकडे जाणारी गाडी धरली तर नागपूर, पश्चिमेकडची धरली तर मुंबई. भाजल्याने हनुवटी छातीला चिकटलेल्या मुली, दुभंगलेल्या ओठांची मुलं यांच्यासाठी पहिल्यांदाच त्या रुळांच्या दोन्ही टोकांना काहीतरी उपाय उभा राहिला होता.

जे. जे. मध्ये अंतियांबरोबर डॉ. व्ही. आय. बूच काम करत होते. १९७१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ प्लास्टिक सर्जरी’च्या चोविसाव्या खंडात या दोघांचा पाच पानी लेख आला. विषय: पोटावरच्या चरबीचा तुकडा थेट रक्तवाहिन्या जोडून हलवणं. आज त्या शीर्षकात कुणाला काही विशेष वाटणार नाही. त्या वर्षी त्यात फार मोठी झेप होती.

त्यांनी काय केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. ओटीपोटाच्या खालच्या भागात, जांघेच्या वरून, एक बारीक धमनी कातडीखालच्या चरबीतून वर चढते. तिच्यासोबत शीर असते. कातडीचा अगदी वरचा थर खरवडून टाकायचा, म्हणजे खालचा चिवट थर आणि त्याला लागलेली चरबी एवढंच उरतं. ते कातडीखाली पुरता येतं. हा तुकडा धमनी-शिरेसकट पोटावरून पूर्ण सोडवायचा. पट्टी नाही, नळी नाही, मनगटाचा मुक्काम नाही. तुकडा काही काळ शरीरापासून सर्वस्वी वेगळा, रक्तावाचून. मग तो चेहऱ्याच्या खळग्यात ठेवायचा आणि त्याची धमनी तिथल्या धमनीला, शीर तिथल्या शिरेला टाक्यांनी जोडायची. इतक्या लहान रक्तवाहिनीत टाका किंचित वाकडा पडला किंवा आतल्या अस्तराला जरा जास्त धक्का लागला की रक्त गोठतं आणि सगळा तुकडा मरतो. जोड साधला तर चिमटा सोडल्याबरोबर चरबीच्या कडेतून लाल रक्त पाझरू लागतं. गिलीज यांच्या पद्धतीने जे अंतर कापायला महिने लागत, ते एका बैठकीत कापलं गेलं.

जमीन आधी तयार होत होती, हे खरं. रक्तवाहिन्या टाक्यांनी जोडण्याची रीत अलेक्सी कारेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घालून दिली आणि त्यासाठी त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं. १९६० मध्ये अमेरिकेत जेकबसन आणि स्वारेझ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दीड मिलिमीटरच्या आतल्या वाहिन्या जोडून दाखवल्या. १९६५ मध्ये जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई यांनी तुटलेला अंगठा परत बसवला. पण खळगा भरण्यासाठी चरबीचा तुकडा तिच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांसकट माणसाच्या शरीरात एका जागेवरून दुसरीकडे नेण्याच्या जगातल्या अगदी पहिल्या नोंदींमध्ये जे. जे. ची ही नोंद येते. दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, मेलबर्नच्या डॅनियल आणि टेलर यांनी जांघेची कातडी अशीच पायावर नेली आणि पाठ्यपुस्तकांत ते वर्ष नव्या युगाची सुरुवात म्हणून ठळक झालं. मेलबर्नच्या कामाचं मोल कमी नाही. तरी मुंबईच्या त्या पाच पानांना आपल्या इतिहासात जी जागा मिळायला हवी होती ती मिळाली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्याच्या नाकाचा अभिमान आपण सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा म्हणून बाळगतो. हे काम करणारी माणसं तर कालपरवापर्यंत आपल्यात होती. पुढे स्तन काढलेल्या स्त्रियांसाठी पोटाच्या चरबीतून नवा स्तन घडवण्याच्या शस्त्रक्रिया जगभर सुरू झाल्या, आणि १९९१ पासून त्यांत ज्या एका धमनीचा उपयोग होऊ लागला ती हीच, अंतिया आणि बूच यांनी वीस वर्षं आधी वापरलेली.

त्याच १९७१ सालाच्या नोव्हेंबरमध्ये बोस्टनमध्ये ज्युडा फोकमन यांचा लेख आला, आणि प्रश्नाची दुसरी बाजू उघडली. फोकमन तरुणपणी नौदलाच्या प्रयोगशाळेत होते. तिथे शरीराबाहेर काढून जिवंत ठेवलेल्या थायरॉइड ग्रंथीत त्यांनी कर्करोगाच्या पेशी सोडल्या. गाठी वाढल्या, पण एक-दोन मिलिमीटरवर येऊन थांबल्या. मेल्या नाहीत, त्याच गाठी उंदरात टोचल्या तर भराभर वाढल्या. फरक एवढाच होता की उंदरात त्यांच्याकडे नव्या रक्तवाहिन्या धावून आल्या. फोकमन म्हणाले, गाठ काहीतरी रसायन सोडून रक्तवाहिन्यांना बोलावून घेते. ते रसायन अडवा, म्हणजे गाठ उपाशी राहील. त्यांना बरीच वर्षं फारसं कुणी मानलं नाही. १९८३ मध्ये हॅरोल्ड ड्वोराक आणि १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांच्या कामातून ते रसायन हाती लागलं. आज त्याला व्हीईजीएफ म्हणतात. पेशीला प्राणवायू कमी पडला की ती हे प्रथिन सोडते. जवळच्या केशवाहिनीच्या भिंतीतली एखादी पेशी ते ओळखते, भिंतीतून बाहेर डोकावते आणि त्या दिशेने सरकू लागते. तिच्या मागून दुसऱ्या पेशी येतात, त्यांच्यात पोकळी तयार होते, दुसऱ्या बाजूने येणाऱ्या फांदीला ती मिळते आणि रक्त वाहू लागतं. कावसजीच्या नाकात त्या पंचवीस दिवसांत हेच चाललं होतं.

फोकमन यांचं सगळं लक्ष वाहिन्या रोखण्यावर होतं, पण त्यांच्या हाताखालची दोन माणसं उलट्या वाटेने गेली. रसायन अभियंते रॉबर्ट लँगर १९७४ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत आले. बालशल्यचिकित्सक जोसेफ व्हकान्टी फोकमन यांच्याच रुग्णालयातले. मुलांसाठी यकृतं मिळत नाहीत म्हणून ती घडवायची, विरघळणाऱ्या साच्यात पेशी पेरून, असा त्यांचा विचार होता. १९९३ मध्ये या दोघांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलेल्या लेखाने ‘टिश्यू इंजिनिअरिंग’ हे क्षेत्र जगासमोर मांडलं. चरबी घडवण्याचे प्रयत्न लगेच सुरू झाले, कारण कच्चा माल मुबलक होता. २००१ मध्ये पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की शोषून काढून फेकून दिल्या जाणाऱ्या चरबीत मूळपेशी असतात, आणि त्यांतून चरबीच काय, हाड आणि कूर्चाही बनू शकते.

पण ह्यूस्टनमध्ये चार्ल्स पॅट्रिक यांनी उंदरांच्या शरीरात साच्यावर पेरलेल्या पेशींचं काय होतं ते वर्षभर पाहिलं. दोन महिन्यांपर्यंत चरबी छान बनली. मग ती कमी होत गेली आणि वर्ष संपेपर्यंत काहीच उरलं नाही. पीअरच्या तराजूने १९५० मध्ये जे सांगितलं होतं ते पुन्हा समोर उभं राहिलं. पेशी घडवणं जमलं होतं, साचा घडवणं जमलं होतं. रक्त पोहोचवणं जमलं नव्हतं. त्यानंतर गेल्या पंचवीस वर्षांत प्रयोगशाळांनी अनेक वाटा धुंडाळल्या. चरबीच्या मूळपेशींबरोबर रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी वाढवल्या तर त्या आपोआप जाळं विणतात. व्हीईजीएफसारखी प्रथिनं साच्यातून हळूहळू सोडता येतात. पेशी धुऊन काढलेल्या चरबीचा उरलेला सांगाडा त्रिमितीय छपाईच्या शाईसारखा वापरता येतो. भारतीय वैज्ञानिक फाल्गुनी पती यांनी कोरियात असं काम २०१५ मध्ये प्रसिद्ध केलं. तरी विणलेलं जाळं शरीराच्या रक्ताला जोडलं जायला दिवस लागतात, आणि मुठीएवढ्या चरबीच्या मध्यभागाला तेवढे दिवस थांबायला सवड नसते.

माणसांवरचा एक लक्षणीय प्रयोग मेलबर्नच्या वेन मॉरिसन यांचा, आणि त्याचा गाभा पाहिला की पुण्याच्या कुंभाराची आठवण आल्यावाचून राहत नाही. त्यांनी प्रयोगशाळेत चरबी वाढवण्याचा नाद सोडला. रुग्णाच्याच काखेजवळची थोडी चरबी तिच्या धमनी-शिरेला जोडलेली ठेवून उचलली आणि छातीवर भोकं पाडलेल्या एका पोकळ कवचात ठेवली. कवच चरबीपेक्षा कितीतरी मोठं. त्या मोकळ्या जागेत जोडलेल्या देठातून वाहिन्या फुटतात, वाहिन्यांच्या मागोमाग चरबी पसरते. उंदीर आणि डुकरांत हे झालं होतं. २०१६ मध्ये स्तन काढलेल्या पाच स्त्रियांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. एका स्त्रीत चरबी वाढून २१० मिलिलिटर झाली, म्हणजे सांगता येण्याजोगा आकार. बाकीच्यांमध्ये तसं झालं नाही. पाचांत एक हे यश म्हणून मिरवण्यासारखं नाही, पण माणसाच्या शरीरात रक्तवाहिन्यांसकट चरबी नव्याने वाढवता येते एवढं त्या एका स्त्रीने सिद्ध केलं.

१९७१ च्या त्या लेखानंतर अंतियांनी मात्र वेगळीच वाट धरली. इतकी नाजूक शस्त्रक्रिया करून दाखवल्यावर ते त्याच शस्त्रक्रियांच्या मागे लागले असते तर कुणी दोष दिला नसता. पण सत्तरच्या दशकात ते मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर मांडव्याला गेले आणि गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवू लागले. १९७५ मध्ये त्यांनी सामुदायिक आरोग्याच्या संशोधनासाठी संस्था काढली. बहुतेक आजारांची काळजी गावातच, गावच्या माणसांकडून घेता येते, आणि मोठी रुग्णालयं फक्त उरलेल्यांसाठी असावीत, असं ते अखेरपर्यंत सांगत राहिले. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ मध्ये ते वारले. काहींना त्यांच्या आयुष्याचे हे दोन भाग परस्परविरोधी वाटतात. मला तसं वाटत नाही. कोंढव्यात ज्याने कुष्ठरुग्णाचं नाक उभं केलं, त्याला बंद दाराची जाणीव होती, आणि ते दार फक्त सुरीने उघडणार नाही हेही कळत होतं.

बुलढाणा जिल्ह्याच्या वाचकाने या इतिहासात आपली जागा कुठे शोधावी? उत्तर पट्ट्यातल्या माणसाला निदान रेल्वे आहे. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, चिखलीच्या माणसाला तीही नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी पिढ्यान् पिढ्या चालली आहे. भाजलेलं मूल घेऊन किंवा कर्करोगासाठी स्तन काढलेल्या बायकोला घेऊन निघालेला माणूस अकोला, छत्रपती संभाजीनगर, नागपूर किंवा थेट मुंबई गाठतो. जखम भरली की बहुतेक जण तिथेच थांबतात. पुढे खळगा भरता येतो, आखडलेली मान सोडवता येते, स्तन पुन्हा घडवता येतो, हे त्यांना कुणी सांगतच नाही. प्रयोगशाळेत वाढवलेली, रक्तवाहिन्यांनी भरलेली चरबी रुग्णाच्या खाटेपर्यंत यायला अजून अवकाश आहे. अंतिया आणि बूच यांनी केलेली शस्त्रक्रिया मात्र पन्नास वर्षांपूर्वीची आहे, तिची सुधारलेली रूपं देशातल्या मोठ्या रुग्णालयांत रोज होतात, आणि आपल्या जिल्ह्यातल्या बाईला ती मिळत नसेल तर त्याचं कारण विज्ञानाची मर्यादा हे नाही.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत बुलढाण्याचंही होतं. इथे शिकायला आलेल्या मुलामुलींना त्यांच्या शिक्षकांनी जे. जे. मधली ती पाच पानं जरूर वाचायला द्यावीत. आणि या महाविद्यालयाच्या रुग्णालयात भाजलेल्यांवर उपचार करणारा आणि बारीक रक्तवाहिन्या जोडू शकणारा प्लास्टिक सर्जरीचा पूर्ण विभाग असावा, ही मागणी आपण जिल्ह्यातल्या लोकांनी आतापासून लावून धरायला हवी.